नववी पायरी

आत्याच्या वहीतली नववी पायरी मी गाळली, आणि गाळताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. एवढा अभिमान वाटायला लागला की माणसाने हातातलं काम खाली ठेवून जरा बाहेर फिरून यावं, हे शहाणपण मला नंतर सुचलं.

त्या दिवशी आत्या पलीकडच्या खोलीत डोळ्याला हिरवी पट्टी लावून पडली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी तिला वाफेजवळ फिरकायचीसुद्धा बंदी केली होती. इकडे स्वयंपाकघरात मी, दोन पातेली, एक थर्मामीटर आणि चाळीस डब्यांचं कोरफडीचं क्रीम. एका पातेल्यात तेल आणि मेण, दुसऱ्यात गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर. दोन्ही सत्तर अंशांवर आणायचं, बारीक धारेने एकात एक ओतायचं आणि घट्ट होईपर्यंत घोटत बसायचं. आठ पायऱ्या मी मुकाट्याने केल्या. नववी होती : 'चाळीस अंशांवर उतरल्यावर तपकिरी बाटलीतलं वीस ग्रॅम.'

बाटली फडताळात, साबणाच्या डब्यामागे होती. नाव इतकं लांबलचक की वाचताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला. खाली बारीक अक्षरात 'प्रिझर्व्हेटिव्ह', म्हणजे क्रीम टिकावं म्हणून घालायचं केमिकल. आणि डब्यांना चिकटवायची लेबलं समोरच रचलेली. त्यांवर माझ्याच वळणदार अक्षरात : 'शून्य टक्के केमिकल'.

"नववी झाली का रे?" पलीकडून आवाज आला.

"झाली," मी म्हणालो आणि बाटली होती तिथे ठेवून दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्याकडे तर बैलही नव्हता.

आत्याने शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली. प्रयोग सर दाखवायचे. तो यशस्वी होईल याची तजवीज आत्या आदल्या दिवशी करून ठेवायची. द्रावणाचा रंग बदलला की मुलं सरांसाठी टाळ्या वाजवायची आणि परीक्षानळी फुटली की सर "मावशी!" म्हणून ओरडायचे. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते परत केलं आणि त्याच्याऐवजी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर मागितला. बाईचं डोकं फिरलं असं म्हणत मुख्याध्यापकांनी थर्मामीटर दिला. घड्याळ ते स्वतःच्या घरी घेऊन गेले.

त्या थर्मामीटरवर तिने घरी क्रीम करायला घेतलं. मोजल्याशिवाय चिमूटभरही काही पडायचं नाही आणि लिटमस बुडवल्याशिवाय काही डबीत जायचं नाही. आमच्या नात्यात घरी केलेली वस्तू म्हणजे फुकटची, त्यामुळे पहिलं वर्षभर सगळ्या वहिन्या आणि काकवा उजळत होत्या आणि आत्या रिकाम्या डब्या विकत आणत होती. मग एक दिवस पार्लरवाली आली. ती आत्याच्याच शाळेतली.

"मावशी, चाळीस डब्या ठेवते. महिनाभर एक तक्रार आली नाही तर आरशासमोरचा मधला कप्पा कायमचा तुमचा. तुमच्या नावाची पाटी लावते वर. पण लेबलवर केमिकल नाही असं पाहिजे."

"अगं, पाणीसुद्धा केमिकलच असतं. दहावीला काय शिकलीस?"

"दहावीला मी नापास झाले, मावशी. म्हणून तर पार्लर चालतंय माझं."

अठ्ठावीस वर्षांत आत्याचं नाव फक्त हजेरीपत्रकात लिहिलं गेलं होतं, तेही आडनाव चुकवून. पाटी म्हटल्यावर ती विरघळली. लेबल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गावच्या शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेला मुलगा, सांगितलं असतं तर डांबरालाही निसर्गाची देणगी म्हटलं असतं. थोडक्यात, आत्या ताकाला जाऊन भांडं लपवत होती, पार्लरवालीला भांड्याचा अंदाज होता, आणि भांडं नाहीच असं मानणारा घरात मी एकटा होतो.

अठराव्या दिवशी पार्लरवालीचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तिने केसांच्या क्लिपा बाजूला सारून एक डबी टेबलावर आपटली. झाकणाच्या आत कडेकडेने हिरवट वळं उमटलं होतं, वर पांढरी लव.

"गिऱ्हाइकासमोर उघडली हो मी! आता हे काय आहे, मावशी?"

आत्याने डबी नव्या डोळ्याजवळ नेली, वास घेतला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "बुरशी." मग तोच नवा डोळा माझ्याकडे वळला. "नववी?"

मी कॅलेंडरकडे बघू लागलो.

"ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं रे, कानाचं नाही. तू 'झाली' म्हणालास तेव्हा बूच उघडल्याचा आवाज आला नव्हता. मला वाटलं, आपलंच पोर आहे, कशाला उठून बघायचं?"

"पण आत्या, लेबलवर आपण स्वतःच लिहिलं होतं की..."

"लबाडी आपण तिघांनी मिळून केली होती. ती खरी करून दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

पार्लरवाली धंद्याची पक्की. रागसुद्धा ती दोन मिनिटांत आटोपते. "झालं ते झालं. ती जी काय बाटली आहे ती घालून दुसऱ्या चाळीस द्या. लेबल तेच राहू दे. मधला कप्पा मी धरून ठेवते."

आत्या आरशासमोरच्या त्या कप्प्याकडे बघत राहिली. त्यावर पाटीसाठी दोन खिळेसुद्धा ठोकून तयार होते.

"लेबल बदलणार," ती म्हणाली. "वीस ग्रॅम लिहिणार. नावासकट."

"मग कोण घेणार हो? केमिकल लिहिलेली वस्तू मी आरशासमोर नाही ठेवायची. सगळ्यात खाली, टॉवेलांच्या शेजारी ठेवीन."

"आणि पाटी?"

"पाटी लावीन की. खाली."

"मग ठेव खाली. घेणाऱ्याला वाकावं लागेल, एवढंच ना? वाकू दे." डबीचं झाकण तिने घट्ट लावलं. "पण आधी जुन्या चाळीसच्या चाळीस परत आल्या पाहिजेत. एकही कुणाच्या तोंडाला लागता कामा नये. हा जाईल."

'हा' म्हणजे मी. चौदा डब्या कपाटातच होत्या. सव्वीस घरांचे पत्ते पार्लरच्या वहीतून उतरवून नव्या डब्यांची पिशवी घेऊन मी निघालो. एका बाईंनी क्रीम टाचांना लावून संपवलं होतं. एकीने दारातच आवाज खाली आणून विचारलं, "ती डबी सासूबाई वापरतायत. परत केलीच पाहिजे का?" सासूबाईंनी आतून ऐकलं आणि डबी लगेच मिळाली.

पंचवीस घरं झाली. सव्विसावं घर तिसऱ्या मजल्यावरच्या मॅनेजरीणबाईंचं. त्यांचे यजमान बँकेत मॅनेजर होते आणि मत मात्र बाई देतात. गालांवर लाल पुरळ घेऊन त्यांनी दार उघडलं.

"परत? अजिबात नाही! ही तर खरी डबी आहे. बुरशी आली म्हणजे केमिकल मारलेलं नाही. किडकं फळ आपण निवडून घेतोच ना?"

"काकू, पण तुमच्या गालावर..."

"आतली घाण बाहेर पडतेय ती. आत्याला सांग, अशाच अजून दोन पाठव. त्या नव्या नकोत, त्यांना अजिबात वास येत नाही."

मी जिन्यात उभा राहून समजावलं, हात जोडले. मग बंद दारालाही थोडं समजावलं. बाटलीचं लांबलचक नाव पहिल्यांदाच एका दमात म्हणून झालं, पण ऐकायला फक्त समोरच्यांचा कुत्रा होता.

आता खालच्या कप्प्यात आत्याच्या डब्या आहेत, वर पाटी आहे, आडनाव बरोबर आहे. खप बेताचा आहे. वाकणाऱ्यांत एक दिवस ते जुने सरही होते, बायकोसाठी म्हणे. लेबल वाचून त्यांनी आत्याला त्या रसायनाचा उच्चार शिकवला. आत्याने तो शिकून घेतला.

परत आलेल्या डब्या तिने उकळून, ओट्याशेजारी फडक्यावर पालथ्या घातल्या आहेत. दहा-दहाच्या चार ओळी. चौथीत नऊच.

"चाळिसावी?" ती रोज विचारते.

"उद्या नक्की आणतो."

"नववी झाली का विचारलं होतं, तेव्हाही असाच पटकन बोलला होतास."

परवा मी त्या मोकळ्या जागेवर सहज चहाची बशी ठेवली. आत्याने ती उचलली, माझ्याच हातात धुवायला दिली आणि फडकं पुन्हा सरळ केलं.