पंखाला दिलेली खळ

मागूवोच्या धावपट्टीला लागूनच आमचं गाव. तिथल्या लासिनेमला कापडावर मेणाने नक्षी काढायचं काम येत होतं. तिच्या कापडावरची रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते भल्याभल्यांना सापडत नसे. जपान्यांच्या काळात मेण गेलं, कापड गेलं, नवऱ्याला मजुरीला नेलं तो आलाच नाही. तिची चूल पेटायची, पण मेणाचं भांडं थंडच राहिलं.

मग जपानी गेले, आधीचे मालक डच परत यायला टपले, आणि जपान्यांची जुनी विमानं गवतात पडून राहिली. आमच्या माणसांनी ती ढकलत छपराखाली आणली. पंखावरच्या लाल सूर्याचा खालचा अर्धा भाग पांढरा रंगवला, की झाला आपला लाल-पांढरा झेंडा. पण रंगाखालचं कापड कुजलं होतं, आणि त्या विमानांचे एकावर एक असे दुहेरी पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापडच. म्हणून मिस्त्री गोंदो लासिनेमच्या दारात आला.

"यू, शिवणार का?" त्याने विचारलं. यू म्हणजे थोरली बहीण. तो तिच्याहून मोठा होता, पण काम करून घ्यायला आला होता.

शेजारीण हसली. "विमानाला सारोंग नेसवायला चाललीस की काय गं?"

"नेसवते. तुझ्या नवऱ्यापेक्षा नीट नेसेल ते," लासिनेम म्हणाली आणि सुई घेऊन निघाली.

वर्षभर तिने पंख शिवले. शिवलेल्या कापडावर रोगणाचे हात द्यायचे, म्हणजे ते आवळून घट्ट बसतं. गोंदो लोकांना दाखवायचा, "बघा, टाका दिसतो का कुठे?" वैमानिक कुस्निंदर चेष्टा करायचा, "यू, दोन फुलं काढा की पंखावर. डच बघतच राहतील, गोळी झाडायचं विसरतील."

पावसाळ्यात एका विमानाचा उजवा खालचा पंख तिच्याकडे आला. टोकाची हातभर जागा उरली आणि रोगणाचा डबा संपला. नवा डबा कधी येईल कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी विमान तपासणीला उडायचं होतं. लासिनेमच्या हातून काम आजवर अडलं नव्हतं. तिने घरी जाऊन टॅपिओकाची खळ शिजवली. कापडाला खळ देणं तिच्या आईचं, आजीचं काम. उन्हात ती जागा कडक ताणली गेली. वर रॉकेल घालून पातळ केलेला हिरवा रंग बसला. गोंदोने टिचकी मारली, मान डोलावली. खळ दिल्याचं तिने त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्निंदर उडाला तेव्हा ऊन होतं. दोन फेऱ्या झाल्या आणि मेरापी डोंगराकडून ढग उतरू लागले. लासिनेम छपराखालून बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. ओलं झालं की खळ सुटते, हे तिच्याएवढं त्या मैदानावर कोणालाच माहीत नव्हतं.

"काय गं, पाय भाजतात का?" गोंदोने विचारलं.

"त्याला खाली बोलवा."

"अजून तीन फेऱ्या आहेत."

"गोंदोकाका, उजव्या पंखाच्या टोकाला रोगण नाही. खळ आहे."

गोंदोच्या हातातला पाना खाली पडला. "भात वाढायचं पान शिवतेस का तू?" तो ओरडला. "माणूस बसलाय त्यात!"

विमानात बिनतारी यंत्र नव्हतं. जमिनीवर पांढऱ्या कापडाची फुली दिसली की ताबडतोब उतरायचं, एवढीच खूण ठरली होती. खुणेचं कापड कोठारात, कोठाराला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला. लासिनेम धावली. यानंतरच्या पंखासाठी आणलेली पांढऱ्या कापडाची अख्खी गुंडाळी तिने चिखलात सोडली, दातांनी फाडली, फुली आंथरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून टोकावर स्वतः बसली.

विमान ढगात गेलं. आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. पहिले थेंब तिच्या हातावर पडले. ती थेंब मोजायला लागली, कशासाठी ते तिलाही कळेना. आवाज लांब गेला. गोंदो मैदानभर फिरत होता, शिव्या देत होता, कधी तिला, कधी आभाळाला.

मग विमान ढगाखाली आलं. एका कुशीला झुकलेलं. कुस्निंदरने फुली पाहिली, विमान वळलं, डगमगत उतरलं आणि गवतात जाऊन थांबलं.

पंखाचं टोक ओल्या सारोंगसारखं लोंबत होतं. टाके सगळे शाबूत होते, ताण मात्र गेला होता.

कुस्निंदर खाली उतरला. "उजवीकडे ओढत होतं. मला वाटलं, माझाच हात जड झालाय." त्याला सिगारेट पेटवायची होती, काडी पेटेना.

"दादा, चूक माझी," लासिनेम म्हणाली. कुस्निंदरने तिच्याकडे पाहिलं. या वेळी चेष्टा केली नाही.

"अजून कुठे आहे खळ?" गोंदोने विचारलं.

"कुठेच नाही."

"मी कसा विश्वास ठेवू?"

"विमान पावसातच राहू द्या," ती म्हणाली. "आणि बाकीचीही बाहेर काढा. नीट भिजू देत."

मैदानावरची चारही विमानं पावसात उभी केली. लासिनेम एकेका पंखाखालून, एकेका फासळीजवळून तळवा दाबत गेली. मागून गोंदो तीच जागा पुन्हा दाबत होता. तासभर दोघं तशीच फिरली. केसांतून पाणी गळत होतं. त्या टोकाशिवाय कापड कुठेच दबलं नाही.

"उद्या लवकर ये," गोंदो म्हणाला. "आणि डबा संपला की, संपला म्हणून सांगायचं."

तिने मान हलवली, कमरेची सुरी काढली आणि सैल झालेला तुकडा एकेक टाका करून उसवायला घेतला.