किती मिळाले?

सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमधल्या एक काकू लिफ्टमध्ये दिसेल त्या मुलाला विचारतात, "किती मिळाले?" हा प्रश्न म्हणजे मुलांवरचा उघड अत्याचार आहे, असं सांगणारी पत्रकं मी दारोदार वाटली आहेत. काकूंच्या लेकीची शाळा संपल्याची पार्टी ठरली, तेव्हा तिनेही खास सिंगापुरी ढंगात बजावलं, "आई, माझ्या फ्रेंड्सना मार्क विचारलेस तर पार्टी कॅन्सल, लाह."

काकूंनी शब्द पाळला. कुणी मूल समोर आलं की त्या स्वतःच्याच तोंडात चकली कोंबत. शेवटची मैत्रीण गेल्यावर लेकीने त्यांना मिठी मारली. घास गिळून काकू आवराआवरीला थांबलेल्या माझ्याकडे वळल्या.

"तुझं पत्रक वाचलं गं. भाषा छान आहे. बारावीला मराठीत किती मिळाले होते?"

मी मराठीचे सांगितले. मग न विचारलेले इंग्रजीचेही सांगितले.