टिकलीखालचा डाग

"मावशी, जरा हात उजेडात धरा," असं म्हणून आमचा पेंटर खिडकीकडे बोट दाखवायचा. मी चहा ठेवला की कपाकडे नाही, आधी माझ्या हाताकडे बघायचा. मला लाज वाटायची. आधी चाकणच्या बाजारात वर्षानुवर्षं कांदे निवडून काळ्या पडलेल्या बोटांत बघण्यासारखं काय असतं, तुम्हीच सांगा.

चिंचवडला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी तिथं झाडलोट आणि चहा करते. मोबाईलच्या खेळांतली माणसं तिथं कॉम्प्युटरवर तयार होतात. आधी ती पांढरीफटक असतात, न रंगवलेल्या गणपतीसारखी. मग ती त्याच्याकडे यायची. त्यांची कातडी रंगवायचं काम त्याचं. एका चेहऱ्याला आठ-आठ दिवस लागायचे.

त्याआधी तो चाकणला गाड्यांच्या कंपनीत रंगखात्यात होता, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणायचे. नव्या गाडीवरून तळहात फिरवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा कण हाताला लागला की घासून काढायचा. ती सवय गेली नव्हती. ऑफिसातल्या टेबलावरून, दारावरून, कशावरूनही त्याचा हात फिरायचा. म्हणायचा, "मावशी, तिकडं डाग काढायचा पगार होता. इकडं डाग टाकायचा आहे."

माणसं बघायची त्याला भारी खोड. एकदा बसमध्ये एका बाईच्या कोपराकडे टक लावून बसला. ती म्हणाली, "काय बघतोस रे?" हा खरं बोलला, "तुमच्या कोपराचा रंग बघतोय." कंडक्टरनं त्याला नाशिक फाट्यालाच उतरवलं. तिथून चालत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "रंग मात्र बरोबर सापडला."

मग त्या म्हातारीचं काम आलं. खेळातल्या एका गावात ती उंबऱ्यावर एकटीच बसते, नवरा गेलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट सांगते. ज्यांचा खेळ होता त्यांनी ती दोनदा परत पाठवली. मेणाची वाटते म्हणाले. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सोमवारी पसंत पडली नाही, तर तुला दुसरीकडं काम बघावं लागेल." चाकणची कायमची नोकरी सोडून तो इथं आला होता. बायको त्यावरून अजून नीट बोलत नव्हती.

शनिवारी सगळे जेवायला खाली गेले. तो एकटा बसला होता. मी फरशी पुसता पुसता म्हातारीकडे पाहिलं. सुरकुत्या होत्या, तीळ होते, हनुवटीवर गोंदणही होतं. पण कपाळ इकडून तिकडून एकसारखं. मला दिसलं, पण बोलवेना. तीच फरशी मी पुन्हा पुसली.

"मावशी, फरशी झिजेल," तो म्हणाला. "काय झालं?"

"हिचा नवरा गेलाय ना?"

"हो. म्हणून तर टिकली नाही लावली."

"आता नाही. पण आधी होती ना? चाळीस वर्षं तरी लावली असेल."

त्याला कळेना आणि मला सांगता येईना. मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग मी माझी टिकली काढली.

मी रुपयाएवढी टिकली लावते. लोकांना वाटतं, हौस आहे. टिकलीच्या गोंदानं तिथली कातडी पांढरी पडली आहे, ती झाकायला लावते. माझ्या सुनेनंही ते कपाळ उघडं पाहिलेलं नाही.

या वेळी तो उजेडात या असं म्हणाला नाही. मीच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्या घरी वाटीभर साखर मागावी तसं म्हणाला, "मावशी, हे घेऊ का?"

"घ्या. पण कोणाला सांगू नका."

"म्हातारीला तरी सांगावं लागेल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

सोमवारी म्हातारी पसंत पडली. त्यानं पेढे आणले, पहिला माझ्या हातावर ठेवला. पोरं विचारत होती, "पेंटर, ते कपाळाचं सुचलं कसं?" तो म्हणाला, "हात फिरवला, लागलं." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी तो हैदराबादला गेला, मोठ्या कामावर. बायकोही त्याच्याबरोबर गेली. त्याच्या जागेवर आता एक मुलगी बसते. गुणी आहे, पण चहा घेताना हाताकडे बघत नाही.

म्हातारीचा मोठा फोटो ऑफिसच्या दाराशी लावला आहे. रोज सकाळी मी त्याची काच पुसते आणि कोणी आलेलं नसलं तर कपाळावरून तळहात फिरवते. काच गुळगुळीतच लागते.

परवा पिंपरीत टिकल्या घ्यायला गेले. दुकानातली बाई नेहमीचं पाकीट काढायला लागली. मी म्हटलं, "ते नको. बारीक द्या."