लाल पेन्सिलीचा सूर

“तीनच पुरतात हो!” असं म्हणून आमच्या टीचर गिटार मांडीवर घ्यायच्या. तीन म्हणजे तीन कॉर्ड, एकदम छेडायचे स्वरांचे तीन जुडगे. तेवढ्यावर त्यांनी बालवर्गाची गाणी, वाढदिवस, डोहाळजेवणं आणि गणपतीची आरती असं सगळं निभावून नेलं.

कुवेतमधल्या खैतानच्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नाशिकच्या. शाळेत शिकवायच्या, म्हणून इमारतीच्या हारिसपासून, म्हणजे रखवालदारापासून, सगळेच त्यांना टीचर म्हणत. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्याला खरं नाव आहे हेच आपण विसरून जातो.

त्यांच्या गिटारचं सगळं आयुष्य दांडीच्या पहिल्या तीन घरांत गेलं होतं. तिथलं लाकूड बोटांनी खोलगट झालेलं, घरांमधल्या धातूच्या पट्ट्यांना तारांच्या खाचा पडलेल्या. पुढची दांडी मात्र दुकानातून काल आणल्यासारखी.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर तारा झणझणायला लागल्या. मी टीचरना गाडीतून सालमियातल्या वाद्यांच्या दुकानात नेलं. कारागीर म्हणाला, “मॅडम, यहाँ गड्ढे पड़ गए हैं. सब बदलना पड़ेगा. महीना लगेगा.”

“गड्ढे नहीं भैया, मेरी जगह है वो,” म्हणत टीचरनी गिटार उचलली.

परतताना त्या म्हणाल्या, “त्या जागा सोडून मला वाजवताच येत नाही हो. आरतीला आता नुसत्या टाळ्या वाजवू का?” एरवी सतत हसणाऱ्या बाई त्या खाचांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

चतुर्थीला मात्र त्या गिटार घेऊनच आमच्या दारात उभ्या! चौथ्या घरात तारांवर बालवर्गातली लाल पेन्सिल आडवी, रबर बँडनं घट्ट बांधलेली. तिनं तारा दाबून धरल्या होत्या, म्हणजे दांडी आता तिथून पुढे सुरू.

“पुढची घरं रिकामीच होती की! नवा फ्लॅट मिळाला, सामान तेच!”

तारा स्वच्छ वाजल्या, पण सूर चांगलाच वर चढला. आम्हा पुरुषांचे आवाज फाटले. माझी मुलगी ओरडली, “टीचर, इट्स टू हाय!” टीचरना हसू आवरेना, पण बोटं थांबली नाहीत. पेन्सिल मग तिथेच राहिली आणि दरवर्षी आम्ही तसेच किंचाळलो.

टीचर निवृत्त होऊन गिटारसकट नाशिकला गेल्या. यंदा आरतीला कीबोर्ड घेऊन एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं छान, सोसेल असा सूर दिला. दुसऱ्या ओळीपर्यंत आम्ही सगळे आपोआप वर गेलो होतो. तो बिचारा आमच्यामागे सूर शोधत राहिला. माझा आवाज नेहमीच्या जागी फाटला, आणि मला फार बरं वाटलं.