मधलीचा समेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगताना निदान छातीत धडधडेल असं वाटलं होतं — पण तसंही काही होत नाहीये.

आमच्या भावकीत कुणाचं बिनसलं की मला बोलावणं येतं. कागलला सासू-सुनेचं असो, कोडोलीत भावाभावांचं असो. ‘काकू, तुमीच समेट घडवा की.’ मी जाते. सांगते — भांडण मिटणं वेगळं, समेट वेगळा. मिटलं म्हणजे दोघी गप्प झाल्या. समेट म्हणजे एकीला दुसरीच्या चुलीपर्यंत न विचारता जाता आलं पाहिजे. बायका माना डोलावतात. एवढा अर्थ कळणारी बाई — तिनं काय केलं असेल?

आम्ही तिघी जावा. थोरल्या आक्का, मधली मी, धाकटी सुमन. आक्का आणि सुमनचं भारी गूळपीठ. मी आत आले की त्यांचं बोलणं थांबायचं. मग एका जत्रेला आक्कांनी पावण्यांसमोर सुमनच्या पोळ्यांना नावं ठेवली — एवढंच झालं, आणि दोघी तुटल्या. सुमन मळ्यातल्या घरात राहायला गेली. आता निरोप माझ्या हाती. दोन्ही घरांत मला चहा, दोन्ही घरांतली गुपितं मला. त्याआधी मला विचारत कोण होतं?

पुढं आक्कांना दम लागायला लागला, मळ्यापर्यंत चालवेना. संक्रांतीला त्यांनी वाटीत तिळगुळाचे लाडू दिले. म्हणाल्या, “सुमनला दे. म्हणावं, माजंच चुकलं. एकदा ये की.”

मी निघाले. वाटेत उसाच्या कडेला बसले — आणि लाडू खाल्ले. सगळे. मग सुमनकडं जाऊन चहा प्याले, निरोप सांगितला नाही. परत येऊन आक्कांना म्हणाले, “दिलं. काय बोलली न्हाय ती.” आक्कांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

भूक होती का? नाही. राग? तोही नाही. त्या दोघी पुन्हा एका चुलीपाशी बसल्या, तर मी कुठं बसू — एवढंच डोक्यात होतं.

उन्हाळ्यात आक्का गेल्या. सुमन मातीला आली. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, “ताई, आक्कांनी माजं नाव काढलं व्हतं का कदी?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आता कुणाच्या चुलीपाशी कोण बसणार होतं? तरी मी म्हणाले, “न्हाय गं.”

आता सुमनला जाऊ म्हणावी अशी मीच उरलेय. दर संक्रांतीला मळ्यातून चालत येते, पहिला लाडू माझ्या हातावर ठेवते. “गोड बोला, ताई.”

मी तिच्यासमोरच तो खाते.