बळंच घेण्याची रीत

आमच्याकडे, कंधारच्या बाजूला, हवी असलेली कोणतीही गोष्ट बळंच घ्यायची असते. शब्दकोशात 'बळंच' म्हणजे मनात नसताना, जबरदस्तीने, असं काही दिलेलं असेल. मी पाहिलेलं नाही. पण आमच्या गावात ज्याला एखादी गोष्ट सगळ्यात जास्त हवी असते, तोच हा शब्द वापरतो. दोनदा चहा नाकारायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा आणि घरी येऊन सांगायचं, बळंच पाजला. माझे एक काका तर लग्नालासुद्धा बळंच तयार झाले. सदरा मात्र आधीच शिवून ठेवला होता.

भूकंपानंतरच्या वर्षी मला लातूरला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. क्लाससाठी आलेल्या पोरांनी गल्ल्या भरल्या होत्या, खोल्या मिळत नव्हत्या. त्यात मायची अट होती की वर पत्रा पाहिजे, स्लॅबखाली झोपायचं नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तशी खोली मिळाली तर राहायचं, नाही तर तिच्यासोबत परत.

दुपार कलताना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या अंगणात पत्र्याची खोली सापडली. त्यांना सगळे खाला म्हणत. मायनं मला हळूच कोपरानं ढोसलं, म्हणजे पसंत. खालांनी विचारलं, ठेवू का पोराला? माय म्हणाली, नको, तुम्हाला कशाला तरास. खालांनी पुन्हा विचारलं. मीही मान खाली घालून म्हणालो, असू द्या, बघतो कुठंतरी. आता त्या तिसऱ्यांदा विचारतील म्हणून आम्ही दोघं थांबलो.

तेवढ्यात धर्माबादचे एक अडत दुकानवाले मुलाला घेऊन दारात आले. खोली पाहिजे, म्हणाले. बस्स, एवढंच. खाला किल्ली घेऊन त्यांच्याकडे वळल्या.

माय माझ्याकडे बघायला लागली, मी मायकडे. शेवटी कसंबसं म्हणालो, "खाला, मला पाहिजे. मघापासूनच पाहिजे."

मायनं पदर तोंडाला लावला. खालांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मग इतका वेळ न्हाई न्हाई काय करून राहिला होतास, बेटा? मला वाटलं, खोली पसंत न्हाई."

दुकानवाल्यांना हसू आलं. खालांनी शिवणाच्या टेपनंच खोली मोजली. दोन खाटा मावत होत्या. दोन्ही पोरं राहिली.

स्टँडवर माय माझ्याकडे न बघता पिशवी आवरत राहिली. मला वाटलं, सगळ्यांसमोर तिला खाली बघायला लावलं. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं.

"मेसमधी बी असंच मागत जा," ती म्हणाली. "तिथं कोण बळंच वाढणार हाय तुला?"