हिरव्या चुड्यात निळ्या बांगड्या

तिसगावच्या बाजारात मुबारकबी मन्यार बांगड्या भरते आणि तिच्या शेजारी बसून मी दोरे-बटणं विकते. तिची लेक अरफा सव्वीस वर्षांची. अरफाला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. हिशेब जमत नाही, पण बाईचा पंजा नुसता दाबला की कुठलं माप चढेल ते तिला बरोब्बर कळतं. तिच्या हातून बांगडी पिचत नाही.

मागच्या लग्नसराईत तिनं गावातल्या गोजरबाईच्या नवरी लेकीला हिरव्या चुड्यात चक्क निळ्या बांगड्या भरल्या. मांडवात बोंब उठली. पुढे अरफा दाराला धडकायला लागली, गप्प गप्प राहायला लागली. एका डॉक्टरांनी तिच्याकडे धड न बघताच सांगून टाकलं, "सिंड्रोम आहे ना, बुद्धी उतरत जाणारच." झालं! मुबारकबीनं पोरीला घरी बसवलं. अरफा तिथं रडत बसायची. मला त्या डॉक्टरांचा असा संताप आला म्हणून सांगू!

पण मी पडले भोचक. एक गोष्ट काही केल्या पटेना. नवरीच्या हातातली एकही बांगडी सैल नव्हती की घट्ट नव्हती.

"अगं, अक्कल गेली आसती तर माप कसं ऱ्हायलं?" मी मुबारकबीला विचारलं. "बोटं तर शाबूत हायेत. मग चुकतंय कोन?"

तिनं हातातली बांगडी खाली ठेवली. "डोळं?"

"मला काय म्हाईत? पर बघायला काय जातंय!"

नगरला डोळ्यांच्या डॉक्टर नीलांबरींनी अरफाला निवांत तपासलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"एवढ्या तरण्या पोरीला?" मुबारकबी म्हणाली.

"अशा मुलांना लवकर होऊ शकतो. सिंड्रोम जाणार नाही, पण मोतीबिंदू काढता येतो. म्हणून तर सगळं सिंड्रोमवर न ढकलता डोळे वेगळे तपासावे लागतात."

ऑपरेशननंतर पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. ती आधी काय बघते, याची मला भारी उत्सुकता. अरफानं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि बघतच राहिली.

"अम्मी, तुजे केस पांढरे कवा झाले?"

बाजारात कुणाला उत्तर द्यायला न चुकणारी मुबारकबी हुंदक्यानं गदगदली. माझाही धीर सुटला. ते केस पांढरे होऊन वर्षं लोटली होती.